मधली पस्तीस वर्षं

आमच्या घरात बक्षिसाचा एकच कप आहे. माझी फुफी त्यात सुपारी ठेवते. मुलामा कधीच उडालाय, एक कान निखळलाय, पण बुडाशी नीट पाहिलं तर अजून वाचता येतं : अभिनय प्रथम, 1968. फुफी तेव्हा नववीत होती. मिरजेच्या शाळेतून सांगलीला नाटक घेऊन गेली आणि हा कप घेऊन परतली. दादांनी तो हातात घेऊन पाहिला, कौतुक केलं आणि म्हणाले, आता पुरे.

दादा वाईट माणूस नव्हते. तंबोरे बनवायचे. मोठमोठे गवई आमच्या ओट्यावर बसून जवारी लावून घेत. त्यांना कुठं सन्मान मिळाला की दादा गल्लीत पेढे वाटत. दुसऱ्यांच्या मैफलीवर एवढा जीव असलेल्या माणसाला आपली मुलगी रंगमंचावर का खपली नाही, हे कोडं मला लहानपणापासून आहे. फुफीला विचारलं तर ती अडकित्ता शोधायला लागते.

हे सगळं वर यायचं कारण माझी थोरली लेक. कॉलेजच्या एकांकिकेत तिला यंदा अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं आणि त्यांची एकांकिका पुण्याच्या अंतिम फेरीत गेली. दोन रात्रींचा मुक्काम. यांनी परीक्षेचं कारण काढलं. खरं कारण परीक्षा नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मात्र गप्प बसले.

लेकीनं वाद घातला नाही. रात्री जेवणानंतर ती मोबाईल घेऊन फुफीपाशी बसली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात झोहरा सेहगल यांच्या सन्मानांची यादी वाचू लागली. 1963 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. 1998 साली पद्मश्री. 2001 मध्ये मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान, 2002 मध्ये पद्मभूषण, 2004 मध्ये अकादमीची फेलोशिप, 2010 मध्ये पद्मविभूषण. "बघ फुफी, आपल्यातलीच बाई!"

फुफीनं यादी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "त्रेसष्टनंतर एकदम अठ्ठ्याण्णव? मध्ये काय करत होती?"

लेकीला सांगता येईना. मग मीच शोधायला बसले.

झोहरा 1912 सालच्या. रोहिला पठाणांचं खानदानी घर, लाहोरला पडदा पाळणाऱ्या मुलींच्या कॉलेजात शिक्षण. तिथून ही मुलगी मामाबरोबर मोटारीनं, जमिनीच्या वाटेनं युरोपला निघाली आणि जर्मनीत ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्या शाळेत नृत्य शिकली. मग उदय शंकर यांच्या मंडळीत देशोदेशी नाचली. 1942 साली कामेश्वर सेहगल यांच्याशी लग्न केलं, दोन्ही घरांची नाराजी पत्करून. त्यांची प्रत्येक निवड मला पटते असं नाही, आणि पटावी अशी त्यांची अपेक्षाही नसणार.

आपल्या मुंबईशी त्यांचा संबंध पृथ्वी थिएटरमुळे. 1945 पासून चौदा वर्षं त्या पृथ्वीराज कपूर यांच्या मंडळीत होत्या. रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये प्रयोग, नाहीतर सगळा संसार आगगाडीत घालून गावोगावचे दौरे. खेळ संपला की पृथ्वीराज दारात झोळी पसरून उभे राहत. या मंडळीत नायिका होती झोहरांची धाकटी बहीण उजरा, आणि झोहरांच्या वाट्याला बाजूच्या भूमिका. धाकटीच्या टाळ्या विंगेतून ऐकायच्या आणि मग आपलं काम करायला आत शिरायचं. हे चौदा वर्षं जमणं सोपं नाही. कुठलं मानपत्र याची नोंद घेत नाही. 1946 च्या 'नीचा नगर'ला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्यातही त्या होत्या. पण तो मान चित्रपटाचा.

1959 साली पती गेले. पदरात दोन मुलं. 1962 मध्ये नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या, तेव्हा वय पन्नास. अकादमीचा पुरस्कार यानंतरचा. म्हणजे मायदेशानं मान दिला तेव्हा त्या परक्या शहरात अगदी पहिल्यापासून सुरुवात करत होत्या. ब्रिटिश टीव्हीवर मिळतील त्या लहानसहान भूमिका केल्या. नाव झालं ते 1984 च्या 'द ज्यूएल इन द क्राऊन' मालिकेतल्या लेडी चॅटर्जीमुळे. वय बहात्तरच्या आसपास. 1993 मध्ये लाहोरला 'एक थी नानी' हे नाटक झालं. फाळणीनंतर दोन देशांत विभागलेल्या या दोघी बहिणी त्यात पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या. पद्मश्रीला आणखी पाच वर्षं होती. 2007 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, 'चीनी कम' आणि 'सावरिया'. पद्मविभूषण मिळालं तेव्हा राष्ट्रपतिपदी आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. 10 जुलै 2014 ला एकशे दोनाव्या वर्षी झोहरा गेल्या.

सलग मांडून पाहिलं आणि लक्षात आलं, मोठे राष्ट्रीय मान पंच्याऐंशीच्या पुढचे. त्या साठीत थकून घरी बसल्या असत्या, तर यादीत एक ओळ उरली असती. फुफीच्या कपासारखी.

हे मी फुफीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कप मिळाला तेव्हा मला वाटलं, ही सुरुवात आहे. तुझे दादा म्हणाले, नाव झालं, आता अजून काय हवं? त्यांना खरंच तसं वाटायचं गं. बक्षीस मिळालं म्हणजे काम पूर्ण झालं."

मला माझीच लाज वाटली. लेकीचं पहिलं बक्षीस मीही शेजारपाजारच्यांना फोन करकरून सांगितलं होतं. पुण्याचा विषय निघाल्यावर तोंड मिटलं होतं.

यांच्याशी बोलायला मला दोन दिवस लागले. ते पेपर वाचत होते. मी सगळं बोलून टाकलं, थोडं रडलेही. त्यांनी फुफीकडे पाहिलं. फुफी सुपारी कातरत होती, मान वर न करता म्हणाली, "जाने दे उसकू. हिला पाठव सोबत."

शनिवारी सकाळच्या कोयनेनं आम्ही दोघी गेलो. प्रयोग बरा झाला. एका ठिकाणी लेक वाक्य विसरली, सावरून घेतलं. बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळालं आणि तिनं खरंच छान केलं होतं. परतीच्या गाडीत लेक कराडपर्यंत बोलली नाही.

घरी आलो तर दारातच फुफी. बक्षिसाचं तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "पुढचं नाटक कुठलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं तो कप चिंच लावून घासला. फारसा उजळला नाही. सुपारी आता स्टीलच्या डब्यात असते.