आधी पंख, मग वजन, मग इंजिन

कांद्याची पट्टी हातात पडली त्या रात्री धाकटा म्हणाला, "अप्पा, मला मोठं विमान करायचंय." मी जेवत होतो. सौ.ने माझ्या ताटात भाकरीचा चतकोर टाकला तो जरा जोरातच टाकला. त्याचा अर्थ मला कळला : आता तुम्हीच बोला.

विमान म्हणजे माणसे बसण्याचे नव्हे. जमिनीवर उभे राहून, हातातल्या यंत्राने रेडिओच्या लहरींवर चालवायचे नमुन्याचे विमान. तालुक्याच्या कॉलेजात तो एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होता. तिथे असली विमाने करायला शिकवतात, त्यातून हा नाद लागला. दोन वर्षे त्याने पन्हळी प्लास्टिकची लहान विमाने केली आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या रानात उडवली. आता त्याला हवे होते आठ फूट पंखांचे, पेट्रोलवर चालणारे. मोठे विमान वाऱ्यात कमी डळमळते, दूर गेले तरी नजरेला नीट दिसते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण वजन आठ किलो, आणि खर्च ऐकून मला ठसका लागला.

मी म्हटले, इंजिन विकत कशाला? गोठ्याच्या माळ्यावर गवत कापायच्या यंत्राचे जुने इंजिन पडले आहे, ५२ सी.सी.चे. तू ३५ सी.सी.चे मागतोस, त्याहून हे मोठेच. शेतकऱ्याला ताकद जादा म्हटली की बरे वाटते. धाकट्याने वाद घातला नाही. इंजिन खाली काढले, पुसले आणि धान्याच्या काट्यावर ठेवले. साडेचार किलो! विमानासाठीच बनवलेले ३५ सी.सी.चे इंजिन सायलेन्सर, ठिणगीची पेटी आणि तिची बॅटरी धरून दीड किलोत बसते.

मग त्याने कोपऱ्यातली पराणी उचलली आणि बोटावर तोलून दाखवली. विमान असेच तोलावे लागते. पंखाची रुंदी घेतली तर पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तोल यायला हवा. आमच्या विमानात इंजिन त्या जागेच्या ५० सें.मी. पुढे आणि शेपूट १२० सें.मी. मागे. नाकात ३ किलो जादा आले, तर तोल राखायला शेपटीत सव्वा किलो शिसे बांधायचे! म्हणजे आठाचे झाले सव्वाबारा किलो. वजन दीडपट झाले की उतरताना वेग सव्वापट लागतो, त्याहून हळू केले तर पंख वजन पेलत नाही. आणि आमच्या रानात सरळ, सपाट धाव मिळते ती जेमतेम दीडशे फूट.

"आधी इंजिन ठरवायचं नसतं, अप्पा," तो म्हणाला. "आधी पंख, मग वजन, मग इंजिन."

विहिरीवर मोटार घेणाऱ्याला मी स्वतः हेच सांगत आलो आहे : आधी पाणी किती आणि किती उंच चढवायचे ते मोज, हॉर्सपॉवर मागून बघ. पण मुलाच्या तोंडून ऐकताना ते घशाखाली लवकर उतरेना.

पंख ठरला आठ फूट लांब, सोळा इंच रुंद. साडेदहा चौरस फुटांहून थोडा जास्त, म्हणजे चौरस फुटाला पाऊण किलो ओझे. सांगाड्याला बाल्सा लाकूड आणले. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येते आणि सागाच्या पाव वजनाचे असते. सुतारमामांनी नख दाबून पाहिले, नख आत गेले. "ह्याला लाकूड म्हणायचं?" म्हणून ते हसले. इंजिन जिथे बसते ती पुढची फळी मात्र त्यांनी जाड प्लायवूडची, मन लावून केली.

इंजिनाला तीस हजारांच्या वर गेले आणि माझी मूठ मिटली. राहिले होते सर्व्हो. सर्व्हो म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी मोटार. हातातल्या यंत्राची काठी हलवली की ती शेपटीच्या आणि पंखाच्या झडपा हलवते. एवढीशी वस्तू, आणि एकेकीला दीड हजार? बाजारात अडीचशेलाही मिळत होती. धाकट्याने दोनदा सांगून पाहिले. मी म्हटले, दिसायला तर सारखीच आहे.

विमान उडाले. खरेच सांगतो, पहिल्या दिवशी ते बांधावरून वर गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. सौ. तर हात जोडून उभी होती. अकरा वेळा उडाले. बाराव्या वेळी वरून खाली येताना त्याने नाक उचलायला काठी ओढली आणि नाक उचललेच नाही. आवाज झाला तो अजून कानात आहे. विमान पडले ते बांधावरच्या बाभळीखाली. अर्ध्या तासापूर्वी खुरपणाऱ्या बाया तिथे भाकरी खात बसल्या होत्या.

मी पोराला बोलायच्या तयारीनेच धावत गेलो. त्याने शेपटीचा सर्व्हो उघडला होता. आत प्लास्टिकचे दातेरी चाक, त्याचे तीन दात गेलेले. ते चाक त्याने माझ्या तळहातावर ठेवले आणि एक शब्द न बोलता गोठ्याकडे निघून गेला. चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मी सहा-साडेसहा हजार वाचवले होते.

पाचव्या दिवशी मीच वही घेऊन त्याच्यापाशी बसलो. इंजिन वाचले होते, पुढची फळी, प्रोपेलर आणि एक पंख गेला होता. या वेळी यादी उलटी केली : ज्याने माणसाचा जीव जाईल ते आधी.

सर्व्होची ताकद किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. दहा म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर तो दहा किलो पेलतो, दोन सेंटिमीटरवर पाचच. आमचे जुने होते तीनचे. आता दहाच्या वरचे, धातूच्या दात्यांचे घेतले. शेपटीच्या आडव्या झडपेचे दोन भाग करून दोघांना वेगवेगळा सर्व्हो दिला, एक गेला तरी दुसरा हाताशी राहावा.

वायरींचे मला कोणी शिकवावे लागले नाही. बारीक केबलवर बोअरची मोटार कशी कण्हते आणि जळते ते मी पाहिले आहे. जोर पडला की एकेक सर्व्हो दोन-दोन अँपिअर ओढतो. एवढ्यांना एकच लहान बॅटरी आणि केसासारखी वायर पुरणार कशी? दोन बॅटऱ्या, दोन बटणे, जाड वायर. ठिणगीची बॅटरी वेगळी, आणि ठिणगीची पेटी रिसीव्हरपासून फूटभर तरी लांब, नाहीतर तिचा खरखराट लहरींत शिरतो.

लहरी तुटल्या तर इंजिन आपोआप बंद पडावे, अशी सोयही रिसीव्हरमध्ये असते. ती आधीही होती, पण आम्ही कधी लावली नव्हती! प्रोपेलर १९ इंची. चालू असताना त्याच्याजवळ हात म्हणजे कडबाकुट्टीत हात.

२०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेच्या आणि शिक्षणाच्या विमानांना २५ किलोची मर्यादा आहे, आणि ते नजरेच्या टप्प्यातच ठेवायचे. आपले रान हिरव्या पट्ट्यात येते का ते सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहून घेतले. तिथेही ४०० फुटांच्या वर जायचे नाही. बाभळीच्या बाजूला आता उडवायचेच नाही, हा नियम सौ.चा.

परवा रात्री पारख केली. यंत्राची ताकद मुद्दाम कमी करून, ते हातात घेऊन मी तीस पावले मागे गेलो. धाकट्याने विमान धरले होते. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून, मी काठी ओढत होतो आणि तो ओरडून सांगत होता, "हलली! हलली!"

बांधाकडचा ऊस अजून उभा आहे. तो तुटला की धाव आणखी शंभर फूट लांब मिळेल. कारखान्याची टोळी तीन आठवड्यांनी येणार. तोवर विमान माजघरात, धान्याच्या कणगीला टेकून उभे आहे आणि सौ. रोज त्याच्यावरची धूळ झटकते.