छत्तीसचा आकडा

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा जन्म टक्क्यांत जातो. दहावीला टक्के, बँकेच्या ठेवीला टक्के, महागाईभत्त्याला टक्के; आणि यांतले कुठलेच त्याला मनासारखे मिळालेले नसतात. तरी तो बिचारा भांडत नाही. मीही कधी भांडलो नव्हतो. आयुष्यात एकदाच टक्के कमी पडले म्हणून सरकारदरबारी गेलो, आणि तेही आमचे चिरंजीव सरकार समजते त्याहून जास्त अपंग आहेत, हे पटवून द्यायला!

चिरंजीवांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूने काढलेला हुकूम उजव्या हातापायाला पोचतो, पण सरकारी टपालासारखा, चार ठिकाणी शिक्के खात. पाचव्या वर्षी त्यांना अपंगत्वाचा दाखला मिळाला, त्यावर बावन्न टक्के होते. वाढत्या मुलाची स्थिती बदलू शकते, म्हणून दाखला मुदतीचा. मुदत संपली, आम्ही नूतनीकरणाला गेलो आणि छत्तीस टक्के घेऊन परत आलो.

चार टक्क्यांनी नापास! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पण बहुतेक सवलतींची वेस चाळीस टक्क्यांवरच राहिली. चाळीस असतील तर एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सवलत, लेखी परीक्षेत तासामागे २० मिनिटे जादा, पुढे उच्च शिक्षणात राखीव जागा. एकोणचाळीस असतील तर शुभेच्छा. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी एस.टी.ने शहर गाठणाऱ्या आमच्या घराचा आणि हिशेबाच्या वहीचा त्या दिवसापासून छत्तीसचा आकडा झाला.

हे छत्तीस आले कुठून याचा तपास केला, तेव्हा तो आमच्या आईपाशी येऊन थांबला. तपासणीच्या दिवशी ती हौसेने बरोबर आली होती. हाताची कुवत मोजण्यासाठी केंद्र सरकारने दहा कामे ठरवून दिली आहेत. हाताने जेवणे, पेल्याने पाणी पिणे, केस विंचरणे, बटण लावणे, अगदी पायजम्याची नाडी बांधणेसुद्धा! प्रत्येक कामाला नऊ टक्के. ज्याने कुणी नाडीला नऊ टक्के दिले, त्याला हा देश कळला होता.

डॉक्टरांनी विचारले, "जेवतो का हाताने?"

नातवाची चौकशी झाली आणि आई गप्प बसली, असे आजवर घडलेले नाही. "जेवतो म्हणजे? अहो, ताट असं लख्ख करतो की घासायला नको!"

"बटणं लावतो?"

यावर चिरंजीवांनी स्वतःच प्रयोग सुरू केला. डाव्या हाताने, दात वापरून, दोन बटणे लावली आणि प्रेक्षकांकडे पाहिले. आईने टाळ्या वाजवल्या. दाराबाहेर पन्नास माणसांची रांग होती. डॉक्टरांनी तिसऱ्या बटणाची वाट पाहिली नाही.

"रीचेकिंगला टाका की!" शेजारच्या काकांनी सल्ला दिला. त्यांच्या मुलाचे दहावीला असेच सात मार्क वाढले होते. चौकशी केली, तर कायद्याच्या कलम ५९ मध्ये खरेच अपिलाची सोय निघाली. अर्ज करायचा, कारणे द्यायची.

कारणे! आमच्या घरी एक वही आहे. 'आज पेला धरला.' 'आज जिना चढला, कठड्याला धरून.' पाच वर्षे सौ. तारीखवार लिहीत आली आहे. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी 'काय येत नाही' याची यादी करायला बसलो. दोन ओळी लिहिल्या आणि पेन पुढे सरकेना. स्वतःच्या मुलाची निंदा, तीही सुवाच्य अक्षरात आणि दोन प्रतींत! सौ. शेजारीच भाजी निवडत होती. पण तीच जुडी ती तिसऱ्यांदा निवडत होती.

तेवढ्यात खांद्यावरून आवाज आला, "बाबा, बटण येत नाही असं काय लिहिलंत? येतं की मला!"

मी गप्प.

चिरंजीवांनी थोडा विचार केला. "येतं. पण तोवर शाळेची बस जाते."

एवढे एक वाक्य मला आठ दिवस सुचत नव्हते. मी मागचे पान फाडले आणि घड्याळ काढले. काय येत नाही, हे लिहायचेच नाही. काय किती वेळात येते, ते लिहायचे. चिरंजीव पंच झाले. शर्टाची पाच बटणे, अकरा मिनिटे. पेलाभर पाणी, पैकी अर्धा पेला सदऱ्यावर. नाडीची गाठ बसते. सुटत मात्र नाही, आणि ती अडचण कुठल्या वेळी येते हे अर्जात सभ्य शब्दांत लिहिताना माझे मराठी पणाला लागले.

फेरतपासणीला आई आलीच. पण एकादशी आहे, आज मौन आहे, असे तिने घरूनच जाहीर केले होते. (पंचांगात त्या दिवशी षष्ठी होती.) या वेळी तीन डॉक्टर होते आणि त्यांच्यापुढे आमचा अर्ज होता. त्यांनी बटणे लावायला सांगितली आणि घड्याळाकडे पाहत थांबले. पहिले, दुसरे, तिसरे. चौथ्याला आईने पदर तोंडात धरला. पाचवे लागले तेव्हा तिघांतल्या वयस्कर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "शाब्बास!" आणि मग मान खाली घालून लिहू लागल्या.

पुढे नवा दाखला आला. चव्वेचाळीस टक्के.

मी आणि सौ.ने सुटकेचा श्वास सोडला. आईने मात्र दाखला लांब धरून, चष्मा पुसून दोनदा वाचला. "आधी किती होते रे?"

"बावन्न."

"म्हणजे पाच वर्षांत आठ टक्क्यांनी सुधारला की माझा राजा!" ती म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेली.