ज्यांच्याबद्दल अफवासुद्धा उठत नाही

२५ मे २०२४. नागपुरात त्याच दिवशी नवतपा लागला होता. कूलरमध्ये पाणी भरून मी आणि माझा धाकटा भाऊ संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसलो. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपचा अंतिम सामना होता, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. सिटी जिंकणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पण गार्नाचो आणि मायनू या एकोणीस-एकोणीस वर्षांच्या दोन पोरांनी गोल केले आणि आम्ही २-१ ने जिंकलो. (नागपूरच्या बाईने 'आम्ही' म्हणावे हे काहींना हास्यास्पद वाटेल. २००८ च्या मॉस्कोतल्या फायनलपासून, म्हणजे बारावी झाल्यापासून, मी 'आम्ही'च म्हणत आले आहे.)

आमच्या फॅन ग्रुपवर त्या रात्री आनंद मात्र जेमतेम अर्धा तास टिकला. कारण आदल्याच दिवशी एका इंग्लिश वृत्तपत्राने छापले होते की निकाल काहीही लागो, मॅनेजर एरिक टेन हॅग यांना काढायचे क्लबने ठरवले आहे. आणि हे अशक्य नाही हे जुन्या चाहत्यांना ठाऊक होते. २०१६ मध्ये लुई व्हॅन हाल यांनी हाच कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना घरी पाठवले गेले.

पुढचे अडीच आठवडे आम्ही कसे काढले ते सांगायला आज लाज वाटते. रोज नवे नाव यायचे. टुखेल येणार. चेल्सी सोडलेले पोचेटिनो येणार. इप्सविचचे मॅककेना येणार, मग त्यांनी इप्सविचशीच नवा करार केला. साउथगेट, थॉमस फ्रँक, डी झर्बी, सगळ्यांची नावे चघळून झाली. मी वस्तीत बचतगटाच्या मीटिंगमध्ये बसलेली असायचे आणि मांडीवरचा फोन दर पाच मिनिटांनी उजळायचा. आईने एकदा विचारले, "कोन लागते वं तो तुया?" कार्यकर्ता मित्र त्याहून कडक बोलला. म्हणाला, "व्यासपीठावर विभूतिपूजेविरुद्ध बोलतेस आणि इथे एका डच माणसासाठी झोप घालवतेस."

त्याच्या टोमण्यात तथ्य होते. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ पासून २०१३ पर्यंत या क्लबचे मॅनेजर होते आणि त्यांनी १३ वेळा लीग जिंकून दिली. ते गेल्यावर आम्ही सगळे पुढच्या फर्ग्युसनची वाट बघत बसलो. मॉयेस आले, व्हॅन हाल आले, मॉरिन्यो, सोल्शायर, मध्ये काही महिने रँगनिक, मग टेन हॅग. दर वेळी वाटायचे, हाच तो. दर वेळी दोन-तीन वर्षांत तो नालायक ठरायचा. घरातला फ्यूज उडतो तेव्हा आपण फ्यूज बदलतो; वायरिंग कोणी केले हे विचारत नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, तोही बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकले. तेव्हापासून व्याज क्लब भरतो आहे आणि शिव्या मॅनेजर खातो आहे. मालकाला याहून स्वस्त सोय कोणती?

तरीही चाहत्यांची ती घालमेल वेडेपणाची होती असे मी म्हणणार नाही. एम.ए.ला असताना तमोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाचे अफवांवरचे काम वाचले होते. जपानी वंशाचा हा अमेरिकन माणूस दुसऱ्या महायुद्धात स्वतः छावणीत डांबला गेला होता. काटेरी तारेच्या आत उद्या आपले काय होणार हे कोणी सांगत नाही, तेव्हा माणसे आपापसात बोलून बातमी तयार करतात, हे त्याने जवळून पाहिले. अफवा म्हणजे अडाण्यांचा खोटेपणा हा समज त्याने खोडून काढला. अधिकृत माहिती मिळत नसेल आणि निर्णय तर आपल्यावर आदळणार असेल, तर माणसे मिळून अर्थ लावू लागतात, आणि तीच अफवा होते. छावणीची आणि फुटबॉलची बरोबरी मला करायची नाही. पण तर्क तोच आहे. युनायटेडचे शेअर २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात मिळतात, कोणीही घेऊ शकतो. पण मालक कुटुंबाच्या खास शेअरला दहा मते आणि सामान्य शेअरला एक. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मते सदस्यांकडे ठेवावी लागतात. तिथेही अफवा उठतात, पण तिथला सदस्य वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारू शकतो. आमच्याकडे उरतो फक्त फोन. प्रेम सगळे आमचे, मत एकही नाही.

शेवटी जूनच्या मध्यावर बातमी आली की टेन हॅग राहणार. नंतर त्यांनी स्वतःच डच वाहिनीला सांगितले की ते सुट्टीवर असताना क्लबचे वरिष्ठ इबिझा बेटावर त्यांना भेटायला गेले, आणि टुखेलशी बोलणी झाल्याचेही त्यांनी लपवले नाही. म्हणजे आमच्या अफवा खोट्या नव्हत्या. लीगमध्ये आठव्या नंबरवर आलेला, म्हणजे प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोपर्यंतची युनायटेडची सर्वात वाईट जागा मिळवणारा मॅनेजर टिकला, आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढला.

मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे ती याच आठवड्यातली आहे.

त्याच आठवड्यात दुसरी बातमी होती. फेब्रुवारीत क्लबचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग विकत घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतलेल्या जिम रॅटक्लिफ यांच्या व्यवस्थापनाने २५० नोकऱ्या कापायचे जाहीर केले. सुमारे अकराशे कर्मचाऱ्यांतल्या अडीचशे. त्याआधी कप फायनलला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून बसचे वीस-वीस पौंड घेतल्याच्या बातम्याही आल्या होत्या. आधी ती बस फुकट असायची. हे सगळे लपवलेले नव्हते. ज्या संकेतस्थळांवर आम्ही टेन हॅगचे नाव शोधत होतो तिथेच, दोन बोटे खाली, ते छापलेले होते.

इतरांचे मी सांगत नाही, आमच्या ग्रुपचे सांगते. नंतर मी मागे जाऊन बघितले. मे-जूनमध्ये मॅनेजरवर शेकडो मेसेज. अडीचशे नोकऱ्यांवर एक लिंक, तिच्याखाली एकाचे उत्तर: "खर्च कमी केला तर एखादा चांगला स्ट्रायकर तरी घेता येईल." त्यावर अंगठ्याच्या सहा खुणा होत्या. त्यातली एक माझी.

अफवांवरच्या जुन्या अभ्यासात एक साधे सूत्र सांगतात, ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचे, १९४७ चे: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. दोन्हींचा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर अफवाच उठत नाही. माहिती धूसरच होती की! कोण जाणार, तिकीट खिडकीवरचे की कार्यालयातले, किती दिवसांची मुदत, पैसे किती, सगळेच. मग शून्य कोणती बाजू होती ते उघड आहे.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मी तो लिहिलाच नसता. इंग्लंडातल्या भांडवलदाराला चार शब्द सुनावणे सोपे असते.

मी तेव्हा ज्या संस्थेत होते ती मुलींचे वसतिगृह चालवायची. संस्थेतही त्या उन्हाळ्यात अफवाच अफवा होत्या. साहेब जाणार म्हणे, निधी देणारे नाराज आहेत म्हणे, दिल्लीहून नवा माणूस येणार म्हणे. आम्ही सगळे समन्वयक चहाच्या टपरीवर रोज तेच बोलायचो. आमचे करार अकरा-अकरा महिन्यांचे, त्यामुळे काळजी खरी होती. साहेब राहिले. आम्ही पेढे वाटले नाहीत इतकेच. आणि जूनअखेर वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या दोन मावश्यांना सांगण्यात आले की एक तारखेपासून डबे बाहेरून येतील.

त्यातल्या एक मावशी माझ्या टेबलाशी आल्या. बारा वर्षे त्यांनी तिथे पोळ्या लाटल्या होत्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त विचारले, "ताई, तुमाले मालूम होतं का?"

मी नाही म्हणाले. त्या गेल्या. संध्याकाळी मी सुधारित अंदाजपत्रकाचा कागद काढला. चौथ्या पानावर 'स्वयंपाक कर्मचारी' या रकान्यात शून्य होते, पुढे 'बाह्य सेवा'. प्रत्येक पानाखाली आम्हा समन्वयकांच्या सह्या होत्या. तो कागद माझ्यासमोर आला त्या दिवशी मी काय करत होते हे मला नेमके आठवते, कारण तारीख १२ जून होती आणि टेन हॅग राहणार ही बातमी फुटली होती. बैठकीत मी फोन बघत सही केली.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी जाऊन सांगितले की मला माहीत असायला हवे होते, सही माझी आहे. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, आता एका लग्नाच्या केटररकडे जाते, सीझन असला की काम असते. पुढे मी आणि आणखी दोघांनी लेखी मागणी केली, निदान इतक्या वर्षांच्या सेवेचा हिशेब तरी करा म्हणून. थोडे पैसे मिळाले, नोकरी मिळाली नाही. माझा करार पुढच्या वेळी वाढला नाही. त्याबद्दल मात्र आधीच अफवा होती. मी 'महत्त्वाची' होते.

१७ ऑगस्टच्या मध्यरात्री साडेबाराला नवा हंगाम सुरू झाला. फुलहॅमविरुद्ध शेवटच्या मिनिटांत झिर्कझीने गोल केला, १-०, आणि भाऊ ओरडला तशी शेजारच्यांनी भिंत वाजवली. नऊ सामन्यांत तीन विजय मिळाले. २८ ऑक्टोबरला टेन हॅग गेलेच. संघ तेव्हा चौदाव्या नंबरवर होता. चार महिन्यांपूर्वी ज्याचा करार वाढवला त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काढायला क्लबला १ कोटी ४ लाख पौंड मोजावे लागले. आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर. नोकरी जाणे प्रत्येकासाठी सारखे नसते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

लिस्बनहून रुबेन अमोरिम आले. डिसेंबरात तिकिटाचा किमान दर ६६ पौंड झाला, मुलांना आणि वृद्धांना सवलत नाही, तेव्हा चाहते मैदानाबाहेर फलक घेऊन उभे राहिले. बरे वाटले. त्याच महिन्यात कॅथ फिप्स वारल्या. १९६८ पासून त्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये कामाला होत्या, कित्येक वर्षे रिसेप्शनवर. मोठमोठे खेळाडू त्यांना नावाने ओळखत आणि आम्ही नागपूरकरसुद्धा ओळखत होतो. म्हणजे काउंटरमागचे माणूस दिसतच नाही असे नाही. दिसते, ओळखता येते, त्यासाठी हळहळताही येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे नोकऱ्या जाणार असे जाहीर झाले. ओल्ड ट्रॅफर्डवरचे कर्मचाऱ्यांचे कॅन्टीन बंद होणार होते, जेवणाऐवजी फळे ठेवणार होते. मी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली मराठीत चार ओळी लिहिल्या. पाच मिनिटे शांतता. मग कोणीतरी विचारले, "अमोरिम हंगाम संपेपर्यंत टिकेल का?" आणि गाडी पुन्हा तिकडे गेली.

रात्री अकराच्या सुमारास एका मुलाचा वेगळा मेसेज आला. तो ग्रुपवर फारसा बोलत नाही. दिवसा कॉलेज करतो, संध्याकाळी पार्सल पोहोचवतो, त्याची आई एका खासगी शाळेत कंत्राटावर झाडू मारते.

"ताई, त्या कॅन्टीनमधल्या लोकांना किती दिवस आधी सांगितलं असंल?"