हळदी

सांगलीत असताना मला ऑटिझम आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ‘तुसडी’ म्हणून ओळखली जायचे. लग्नघरात बँड सुरू झाला की मी मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगाआड सापडायचे. अभ्यासात बरी होते, त्यामुळे कुणी फार खोलात गेलं नाही. निदान झालं न्यू जर्सीत, नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर.

निमित्त ऑफिसचं झालं. भिंती काढून सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं. दिवसभर फोन, हसणं, कॉफीच्या मशीनची घरघर. संध्याकाळपर्यंत मी मनगट ओरबाडून रक्त काढलेलं असायचं आणि ते मला घरी आल्यावर दिसायचं. दुकानात गर्दी झाली की मी जागच्या जागी थांबायचे. बोलता यायचं नाही. दार कुठल्या बाजूला आहे तेही सुचायचं नाही. एकदा तिथल्या सिक्युरिटीवाल्याला वाटलं, मी नशेत आहे.

सर्व्हिस डॉगचा विषय माझ्या थेरपिस्टने काढला. मला हसू आलं. मला कुत्र्यांची भीती. शाळेत जाताना विश्रामबागच्या कोपऱ्यावरची कुत्री सायकलमागे लागायची, तेव्हापासून मी रस्ता बदलून जाणारी मुलगी.

तरी चौकशी केली. ऑटिझमसाठी कुत्री तयार करणाऱ्या बऱ्याच संस्था ती लहान मुलांनाच देतात. मोठ्यांना देणाऱ्या थोड्या, आणि तिथे वर्षानुवर्षांची यादी. एका कुत्र्यामागे हजारो डॉलर खर्च. मग कळलं की अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यानुसार आपण स्वतःही कुत्रा शिकवू शकतो. मी एक प्रशिक्षक गाठली आणि तिच्या मदतीने लॅब्रेडोरचं पिल्लू घेतलं. पिवळं होतं, मी सांगलीची, म्हणून नाव ठेवलं हळदी. आई फोनवर म्हणाली, “अगं, कुत्रीला कुणी हळदीचं नाव ठेवतं का? आणि घरात झोपणार कुठे ती?”

प्रशिक्षकाने पहिल्याच भेटीत एक गोष्ट बजावली. कुत्रा जवळ असला की बरं वाटतं, एवढं पुरेसं नाही. तो नुसता सोबतीचा कुत्रा झाला. त्याला दुकानात, हॉटेलात न्यायचा हक्क मिळत नाही. सर्व्हिस डॉगला तुमच्या अपंगत्वाशी जोडलेलं ठरावीक काम यावं लागतं. म्हणून आम्ही आधी कामं ठरवली. मी मनगट ओरबाडायला लागले की नाकाने हात ढकलायचा. “दार” म्हटलं की बाहेरच्या दाराकडे न्यायचं. “वर ये” म्हटलं की मांडीवर आडवं पडून सगळं वजन टाकायचं. रांगेत माझ्या मागे आडवं उभं राहायचं, म्हणजे कुणी अंगाला खेटत नाही. हुकूम मराठीत ठेवले. येणारेजाणारे “सिट, सिट” करतात, तिकडे ती बघतही नाही.

शिकवण्यात दोनेक वर्षं गेली. हे दिवस कंटाळवाणे होते. तेच ते पार्किंग, तेच ते सरकते जिने. सगळीच कुत्री यातून पार होत नाहीत. चांगली, प्रेमळ कुत्रीही गर्दीला बिचकली तर बाद होतात, त्यामुळे पैसे घालण्याआधी तीही तयारी ठेवावी. मला मात्र हे दिवस सोयीचे गेले. रोज तीच वेळ, तोच क्रम. मला तेच हवं असतं आणि हळदीलाही.

तिला माझ्याआधी कळतं, हे लक्षात यायला वेळ लागला. मीटिंगमध्ये मी शांत बसलेय असं मला वाटत असतं. टेबलाखाली माझा पाय हलायला लागलेला असतो. ती उठून हनुवटी पायावर ठेवते. मग मी बाहेर जाऊन पाणी पिऊन येते. पूर्वी हे दुसऱ्या दिवशी आजारी पडल्यावर कळायचं. हळदीवर प्रेम आहे का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडून पटकन उत्तर येत नाही. तिच्या जेवणाची वेळ मी कधी चुकवलेली नाही, एवढं सांगता येतं.

आता कागदपत्रांचं, कारण यात लोक फार फसतात. सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदणी अमेरिकेत नाही. पैसे भरून इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रमाणपत्राला आणि ओळखपत्राला कायद्याने काही किंमत नाही. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: ही कुत्री अपंगत्वामुळे लागते का, आणि तिला कुठलं काम शिकवलंय? आजार कोणता, कागद दाखवा, काम करून दाखवा, असं म्हणू शकत नाही. कुत्री आवरत नसेल किंवा तिने घाण केली, तर मात्र बाहेर काढू शकतो. ऑफिसची गोष्ट वेगळी. तिथे रीतसर मागणी करावी लागते आणि कंपनी डॉक्टरचं पत्र मागू शकते. घरमालकही पत्र मागू शकतो, पण पाळीव प्राण्याचं जादा डिपॉझिट घेऊ शकत नाही. विमानासाठी वाहतूक खात्याचा वेगळा फॉर्म आहे.

मला सगळ्यात जास्त त्रास आपल्याच किराणा दुकानात झाला. “कुत्रं बाहेर बांधा,” मालक म्हणाले. मला बोलता येईना. मी खिशातून छापलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. त्यावर ते दोन प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं होती, खाली न्याय खात्याच्या मदतवाहिनीचा नंबर, ८००-५१४-०३०१. त्यांनी वाचला, जरा पुटपुटले आणि आत जाऊ दिलं. ज्यांची वाचा ऐन वेळी बसते त्यांनी असा कागद जवळ ठेवावाच.

देवळाला हा कायदा लागू नाही, धार्मिक संस्थांना सूट आहे. म्हणून मी भांडले नाही, समितीला ईमेल लिहिला. हॉलमध्ये बसायची परवानगी मिळाली, गाभाऱ्यासमोर नाही. चाललं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र मोठा घोळ झाला. ढोल सुरू झाला तसे मी कानावर हेडफोन चढवून मागे बसले, हळदी पायाशी. एका छोट्या मुलाने तिच्यापुढे पंचखाद्याचा द्रोण ठेवला. त्याला वाटलं, तिलाही प्रसाद हवा. माझं लक्ष जाईपर्यंत द्रोण रिकामा. त्यात बेदाणे होते.

बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ले की बाधतात हे कुत्र्यागणिक बदलतं. मी तासगावच्या बेदाण्यांवर वाढलेली, पण हे माहीत होतं, कारण प्रशिक्षकाने दिलेली यादी फ्रिजवर चिकटवली होती. काही होतंय का बघत बसायचं नसतं. मंडळातल्या एका वहिनींनी गाडी काढली. वाटेत त्यांनीच प्राण्यांच्या विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तो नंबर ८८८-४२६-४४३५, फी घेतात, पण चोवीस तास चालू असतो. दवाखान्यात उलटी करवली, सलाइन लावलं आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी तिला ठेवून घेतलं.

ती नसताना घरात मी जेवले नाही. मनगट पुन्हा फोडलं. वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या, काही न विचारता बसून राहिल्या आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. त्याचा फार उपयोग झाला. आईचा फोन आला. माझी चौकशी नंतर, आधी विचारलं, “हळदीनं काही खाल्लं का?”

मूत्रपिंडाचे आकडे नॉर्मल आले. उपचार वेळेत सुरू झाले म्हणून, असं डॉक्टर म्हणाले.

मागच्या वर्षी मावसभावाच्या लग्नाला गेले तेव्हा तिला नेलं नाही. भारतात नेताना ॲनिमल क्वारंटाइनची परवानगी लागते. परतीचं त्याहून अवघड, कारण रेबीजच्या बाबतीत अमेरिका भारताला जास्त धोक्याच्या देशांत धरते. ऑगस्ट २०२४ पासून, निघण्याआधीच अमेरिकेतल्या लसीचा दाखला सरकारी पशुवैद्यकाकडून मंजूर करून न्यावा लागतो. ती प्रशिक्षकाकडे राहिली. लग्नात मी पुन्हा मागच्या खोलीत होते, पण यावेळी सांगून गेले. परत आल्यावर हळदीने माझ्यापेक्षा बॅगेतल्या चपलांचा वास जास्त वेळ घेतला.

यंदाही आम्ही गणपतीला येणार आहोत. जॅकेट घातलेली कुत्री दिसली तर ती कामावर आहे असं समजा. हात लावू नका, हाक मारू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि तिच्या तोंडाशी काहीही धरू नका, प्रसादसुद्धा.