नाव सांगितले चित्राने!

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी ३, १० आणि १८ क्रमांकांच्या लेण्यांची माझी ४० छायाचित्रे! प्रत्येकाखाली नाव टंकायचा कंटाळा. पॉवरपॉइंटमध्ये शिरलेले चित्र नुसते ‘पिक्चर’ म्हणून उरते. म्हणून मॅक्रो लिहिला: फाइल उचल, नव्या स्लाइडवर चित्र ठेव, खाली फाइलचे नाव लिही. क्षणात काम फत्ते!

वर्गात मात्र फजिती. फायली अक्षरक्रमाने आल्या. ‘केव्ह ३’च्या आधी ‘केव्ह १०’! पाठ केलेले भाषण तसेच चालू. गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचे कौतुक मी नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या लेण्यापुढे करीत होते. दोन्ही लेण्यांची धाटणी सारखी. खपूनही गेले असते. पण सरांनी खालचे नाव वाचले.

“काय हो, क्षहरातांच्या दारात सातवाहनांचा जयघोष?”

घरी येऊन आधी ३च्या डावीकडे शून्य घातले.