छावणी उठल्यावर

दुबईत ऊद मेथातल्या हॉटेलची खिडकी उघडत नव्हती, एसी बंद होत नव्हता आणि नाश्त्याचा चहा कोमट. खडकीत दारूगोळा कारखान्याच्या भोंग्यावर लहानाचा मोठा झालेला प्रवासी इथे उतरला, कारण भाचीचं घर इंडियन हायस्कूलच्या मागे होतं. जेवताना जावई सहज म्हणाला, "मामा, शारजात एक सरळसोट रस्ता आहे. पूर्वी तो रनवे होता, ब्रिटिश हवाई दलाचा."

मामांनी भलतंच विचारलं. विमानं गेल्यावर आसपासच्या दुकानांचं काय झालं?

बुर्ज खलिफा टॅक्सीतूनच पाहून झाला. शारजात जुन्या विमानतळाच्या जागी आता अल महत्ता संग्रहालय आहे आणि धावपट्टीचा किंग अब्दुल अझीझ रस्ता झाला आहे. भाड्याने घेतलेल्या गाईडला जुन्या विमानांपुढे फोटो काढायची घाई, प्रवाशाला १९३२ च्या कराराची. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीला उतरायला जागा हवी होती. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनी ती दिली, दरमहा ८०० रुपये भाड्याने. शिवाय स्वतःसाठी ५०० रुपये. रुपयेच, कारण आखाताचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे होता. पुढे तिथे हवाई दल आलं, ट्रुशियल ओमान स्काउट्स या ब्रिटिशांनी उभारलेल्या फौजेचं मुख्यालय आलं. शारजाची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार दुबईकडे सरकला. अबू धाबीला तेल लागलं. शारजाच्या हाती उरली ती मुख्यतः छावणी: जागेचं भाडं, सैनिक बाजारात करायचे ती खरेदी, स्थानिकांना मिळणारी कामं.

नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनचे मंत्री गोरोन्वी रॉबर्ट्स आखातातल्या शेखांना सांगून गेले, आम्ही इथेच आहोत. जानेवारीत तेच परत आले, निघतोय म्हणून सांगायला. १६ जानेवारी १९६८ ला पंतप्रधान विल्सन यांनी माघारीसाठी १९७१ अखेरची मुदत जाहीर केली. अबू धाबीचे शेख झायेद आणि दुबईचे शेख रशीद ब्रिटिश सैन्याचा खर्च स्वतः उचलायला तयार होते. संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी अरब शेखांसाठी भाडोत्री सैनिक पुरवायचे नाहीत, असं सुनावलं. नंतर माफीही मागितली.

शोहेई सातो या इतिहासकाराचं म्हणणं असं की या माघारीमागे घरचं राजकारण होतं: कल्याणकारी खर्चाला कात्री लावायची, तर सैन्यालाही लावलेली दिसली पाहिजे. प्रवाशाला हे पटतं, पण अर्धंच. लंडनच्या मंत्रिमंडळात ताळमेळ बसला असेल; शारजाच्या बाजाराचा हिशेब कोणी मांडला?

मांडला तो शेजाऱ्यांनी, काही प्रमाणात. १९६५ मध्ये ट्रुशियल राज्यांची, म्हणजे आजच्या अमिरातींची, विकास कचेरी निघाली होती. सुरुवातीला तिच्यात ब्रिटिश पैसा मोठा होता, १९६६ नंतर झायेद यांच्या अबू धाबीचा. शाळा, पाणी, रस्ते यांची कामं तिच्याकडून झाली. डिसेंबर १९७१ मध्ये स्काउट्सचं रूपांतर नव्या संयुक्त अरब अमिराती संघराज्याच्या फौजेत झालं, म्हणून जवानांचे पगार चालू राहिले. पुढच्याच वर्षी शारजाच्या समुद्रात मुबारक क्षेत्रात तेल सापडलं. नशीबही मदतीला आलं, हे मान्य करायलाच हवं.

अमेरिकेने नशिबावर सोडलं नाही. १९६१ पासून पेंटॅगॉनमध्ये याच कामासाठी एक कार्यालय आहे: तळ बंद होणार असेल तर गावाला नियोजनासाठी अनुदान आणि सल्ला. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड १९९४ मध्ये बंद झाला आणि दुसऱ्याच वर्षी तिथे विद्यापीठ उघडलं. सगळीकडे इतकं छान जमलं असं नाही, पण दार ठोठवायला एक पत्ता तरी होता.

"आणि आपल्या खडकीत?" जावयाने रात्री विचारलं. मामा तावातावाने सांगू लागले. १८६९ चा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यातच बसली. संप होऊ नये म्हणून कायदा आला, कामगारांना प्रतिनियुक्तीवर ठेवलं, वाद झाला तो त्यांच्या सेवाशर्तींचा. गेटसमोरच्या चहावाल्याने, शिंप्याने, खोल्या भाड्याने देणाऱ्याने कुठल्या टेबलाकडे जायचं, हे मामांना सांगता येईना. जावयाने मोबाइलवर पेंटॅगॉनच्या त्या कार्यालयाचं पान उघडलं आणि मामा त्यातल्या अनुदानाच्या अटी वाचत बसले.