अक्कांची हिशोबाची वही



दशलक्षण पर्वात बस्तीत एका मैत्रिणीने बाजूला घेऊन विचारलं, "सासूबाई हल्ली फार विसरतात गं. वयच झालंय, म्हणून सोडून द्यायचं का?" तिला जे सांगितलं तेच आज सविस्तर लिहिते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, जाऊन आता दीड वर्ष झालं. शेवटची सहा वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश होता. त्याआधीची दोन वर्षंही होता, पण तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं.

अक्का चौथी शिकलेल्या. हिशोब मात्र असा की मी बी.कॉम. होऊनही त्यांच्यापुढे हात टेकायची. दूध, भाजी, किराणा, मोलकरणीचा पगार सगळं लाल वहीत. बस्तीतल्या महिला मंडळाचा फंडही त्यांच्याकडेच होता. एका वर्षी त्या फंडात अकराशे रुपये कमी आले. कुणी तोंडावर बोललं नाही, पण कुजबूज झाली. अक्कांनी स्वतःचे पैसे घातले आणि त्या दिवसापासून मंडळात जाणं सोडलं. मला त्यांचा राग आला होता. वाटलं, एवढा कसला मानीपणा?

पुढे काही महिन्यांनी दूधवाला म्हणाला, "वहिनी, अक्कांनी या महिन्याचं बिल दोनदा दिलंय." तेव्हा मी वही घेऊन बसले आणि मागे मागे जात राहिले. हातचा धरायचा राहून गेलेला. मागील पानावरून पुढे ओढलेली शिल्लक चुकलेली. एकच तारीख तीन पानांवर. त्याआधीच्या वर्षी असं काहीच नव्हतं, शेवटचा आकडा पैशापर्यंत जुळत होता. अकराशे रुपये कुठे गेले तेही त्याच वहीत होतं. मांडवाचे पैसे दिलेले होते, लिहायचे राहिले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मानी नव्हत्या हो अक्का. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, आणि त्या घाबरल्या होत्या.

वही वाचल्यावर बाकीच्या गोष्टीही जागेवर बसल्या. तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा. आमटीत दोनदा मीठ. पन्नास वर्षं ज्या बस्तीत रोज दर्शनाला गेल्या, तिथून येताना एकदा भलत्याच गल्लीत उभ्या सापडल्या. चावी कुठे ठेवली ते आपण सगळ्याच विसरतो. पण नेहमीचा रस्ता, नेहमीचा स्वयंपाक, नेहमीचा हिशोब चुकायला लागला, आणि स्वभाव बदलला, तर ते नुसतं वय नसतं.

पहिल्या डॉक्टरांनी "वयाचंच आहे" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं. ही गोष्ट आपण शाकाहारी बायकांनी नीट ऐकण्यासारखी आहे. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्य आणि कमी ऐकू येणं यानेही माणूस विसरल्यासारखं वागतं. अक्कांचं बी-१२ कमीच निघालं. इंजेक्शनांनी थोडी तरतरी आली, पण चुका थांबल्या नाहीत. मग मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. अक्कांनी गोल सुबक काढला, आणि बाराचे बारा आकडे एकाच बाजूला लिहिले. पुढे एमआरआय वगैरे झालं. निदान अल्झायमरचं, सुरुवातीची अवस्था.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, काहींना काही काळ लक्षणांत फरक पडतो. मग लवकर कळून उपयोग काय, असं आमच्या वन्सं म्हणाल्या. मैत्रिणींनो, उपयोग आहे. अजून समजतंय तोवर माणसाला स्वतःच्या गोष्टी स्वतः ठरवता येतात. आम्ही अक्कांना शेजारी बसवून, समजावून, बँकेचं खातं संयुक्त केलं, वारसाची नोंद केली, मृत्युपत्र केलं. दागिने कुणाला द्यायचे ते त्यांनी स्वतः सांगितलं. पुढे कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला, आणि तो मला फार महाग पडला.

अक्कांनी तरुणपणी मुनिमहाराजांकडून रात्रीभोजन त्यागाचं व्रत घेतलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही. आजार वाढला तशी संध्याकाळ अवघड होत गेली. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थपणा वाढतो, तो बऱ्याच घरांत दिसतो. साडेपाचला नीट जेवलेल्या अक्का आठ वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "मला सकाळधरनं कुणी जेवायला घातलं नाही गं." वन्संना फोनवरही तेच सांगायच्या. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, आई खोटं बोलेल का?" त्या रात्री मी झोपले नाही.

एकदा मी चिडून बोलले, "अक्का, तुमचं व्रत आहे ना? आणि जेवलाय तुम्ही!" त्या तिथेच बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. व्रत होतं हे त्यांना क्षणभर आठवलं, आणि आपण ते मोडायला निघालो होतो हेही. पाच मिनिटांनी सगळं विसरून पुन्हा जेवायला मागितलं. दुःख तेवढं चेहऱ्यावर राहिलं. त्या दिवशी मी शिकले की या आजारात वाद घालायचा नाही. आपण खरे ठरतो, आणि समोरचं माणूस नुसतं घायाळ होतं.

चातुर्मासात आलेल्या माताजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, व्रत समजून घेतलं जातं आणि समजूनच पाळलं जातं. जिथे समजच झाकली गेली, तिथे करुणा हाच धर्म. काही जणी मला सांगत, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, भोगायलाच हवं. असेल. पण आवरण म्हणजे झाकण. आत ज्ञान नाही असा त्याचा अर्थ नाही. आणि कर्माचं नाव घेऊन डॉक्टरकडे जायचं टाळायचं, हे मला पटत नाही.

मग आम्ही वेळापत्रकच बदललं. जेवण दोन वेळा थोडं थोडं, दुसरं अगदी सूर्यास्ताच्या आधी. दिवस कलायच्या आधीच घरभर दिवे लावायचे. तिन्हीसांजेला जपमाळ हातात द्यायची. णमोकार मंत्र सुरू केला की माझं नाव विसरलेल्या अक्का तो शेवटपर्यंत स्पष्ट म्हणायच्या. दुपारची झोप कमी केली. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. वन्संना आठ दिवस राहायला बोलावलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनीच माझा हात धरला.

एवढं करूनही काही रात्री अक्का ऐकत नसत. तेव्हा मी कपभर दूध द्यायची. "व्रत मोडलंस" असं कधी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एक रस सोडायची. ते बरोबर होतं की चूक, मला अजून ठाम सांगता येत नाही. अक्का शहाण्या होत्या तेव्हाच विचारायला हवं होतं: "पुढे तुम्हाला आठवलं नाही, तर मी काय करू?" त्यांचं उत्तर मी डोळे मिटून पाळलं असतं.

आपल्या देशात साठीवरच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आपल्या प्रत्येक बस्तीत अशा दोन-चार अक्का असणारच. तेव्हा घरातल्या मोठ्यांकडे लक्ष ठेवा. हिशोब, रस्ता, स्वयंपाक, स्वभाव यांत बदल दिसला तर तारखेनिशी लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. गोंधळ एकाएकी, एक-दोन दिवसांत वाढला, तर लगेच न्या. कधी मूत्रमार्गाचा संसर्ग हेही कारण असतं. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतक्रमांक १४५६७ आहे. मन फारच थकलं तर टेलिमानसचा १४४१६. सांभाळणाऱ्या बाईने मदत मागण्यात काही कमीपणा नाही. मी उशिरा मागितली.

आता मी स्वतः साठी ओलांडली आहे. बी-१२ तपासून घेते. घराचा हिशोब अजून मीच लिहिते, आणि सुनेला सांगून ठेवलंय, शिल्लक जुळेनाशी झाली तर लाजेने गप्प बसू नकोस. वहीच्या पहिल्या पानावर तिच्यासाठी चार ओळीही लिहिल्यात: माझं रात्री न खाण्याचं व्रत मला आठवतंय तोवर माझं आहे. मी विसरले आणि रात्री भूक लागली म्हणाले, तर मला दूध दे. त्याबद्दल तू मनाला काही लावून घेऊ नकोस.

खाली सही केली आहे, तारखेसकट.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.